खाज येते का, हेही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या घडीतून एक गुलाबी पत्रक घरात आलं. एका मंगल कार्यालयात शिबिर. 'सुगंधी तेलाच्या मालीशने लिव्हरची घाण अंगावाटे बाहेर, कावीळ व अंगाची खाज मुळासकट बंद', आणि खाली ठळक अक्षरांत, 'चालू गोळ्या बंद करून यावे'. ती शेवटची ओळ वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. असली पत्रकं विक्रेत्यांकडून परस्पर अंकात घातली जातात हे मला माहीत आहे. तरी आपल्या वितरण विभागाने त्यांना ताकीद द्यावी. पण मला लिहायचंय ते या शिबिराला जाणाऱ्या माणसांबद्दल. ती का जातात हे मी जवळून पाहिलंय. लिव्हरच्या आजारात अंगाला जी खाज सुटते तिच्याबद्दल दवाखान्यात कुणी विचारत नाही, आणि मग जो कुणी विचारील त्याच्या दारात माणूस जाऊन बसतो.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीचा बहुतेक काळ बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत, मेडिसिनच्या वॉर्डात गेला. माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही तिला आक्का म्हणतो, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस म्हणजे पीबीसी हा आजार आहे. यात लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या वर्षानुवर्षं सुजून नष्ट होत जातात. ती केज तालुक्यात शेतातल्या घरी राहते. सुगंधी तेलाचं मालीश मी तिला माझ्या हाताने करते, त्याने तिला बरं वाटतं, आणि तरीही ते गुलाबी पत्रक मला घातक वाटतं. दोन्ही गोष्टी मांडायच्या म्हणजे पत्र लांबणार. जागा द्यावी, ही विनंती.

ही खाज पाहिल्याशिवाय कळत नाही. अंगावर पुरळ नसतं, गांधी नसतात, नायट्याचं चक्र नसतं. बहुतेकांना तळहात-तळपायांपासून सुरू होते, दिवेलागणीला चढते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकू देत नाही. उकाड्याने वाढते, घोंगडी अंगाला लागली की वाढते. आक्काचे शब्द सांगते: "कातडीच्या आत खाजायलंय गं माय, वरून कितीबी वरबाडलं तरी तिथवर हातच जाईना." वॉर्डात असे पेशंट मी ओळखायचे ते पाठीवरून. खांद्यांवर, कमरेवर, दंडांवर नखांचे ओरखडे, काळे पडलेले डाग, आणि पाठीच्या मधोमध जिथे हात पोचत नाही तेवढी जागा मात्र स्वच्छ, फुलपाखराने पंख पसरावेत तशा आकाराची. डॉक्टर लोकांच्या पुस्तकातही या खुणेला फुलपाखराचंच नाव आहे. कातडीचा रोग असता तर त्याने तेवढी जागा सोडली नसती. ओरखडे बाकी अंगावर आहेत आणि तिथे नाहीत, याचा अर्थ खाज आतून येतेय.

कारण असं, की लिव्हरमधलं पित्त आतड्यात नीट उतरत नाही, आणि त्यातली पित्ताम्लं व आणखी काही द्रव्यं रक्तात साचून नसांच्या टोकांना चाळवत राहतात. अंगावर 'पित्त उठतं' म्हणतात त्या गांधींमागे जे हिस्टामिन असतं त्याचा इथे फारसा संबंध नाही. म्हणून हिस्टामिन रोखणाऱ्या सेट्रिझिनच्या पट्ट्याच्या पट्ट्या संपतात आणि खाज तिथेच राहते. दुसरं असं, की खाज किती आहे हे कावीळ किती यावर ठरत नाही. डोळे पांढरे स्वच्छ असतात आणि माणूस रात्रभर अंग ओरबाडत बसलेला असतो. डोळे पिवळे नाहीत म्हटल्यावर लिव्हरकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आक्काचं तसंच झालं. आधी खरूज म्हणून घरातल्या सगळ्यांना परमेथ्रिन लावून झालं, वाकळा-चादरी हंड्यात उकळून झाल्या. मग 'उष्णता' ठरली, सब्जा, गुलकंद. एका डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे, मनाला लावून घेऊ नका. कावीळ उतरवणाऱ्याकडून गळ्यात माळ घालून आणली. ती देठांची माळ देठ वाळून गाठी सैल झाल्या की आपोआप लांब होते, आणि कावीळ उतरली म्हणतात. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी पोलकं वर करून पाठ पाहिली आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. पित्त अडलं की रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज खूप वाढलेलं निघालं, नंतर एएमए नावाची अँटिबॉडी तपासली तीही निघाली. पीबीसीच्या दहातल्या नऊ पेशंटांत ती सापडते, आणि पेशंट बहुतेक चाळिशीपुढच्या बायका असतात. निदान अवघड नव्हतं. कुणीतरी पाठ बघायला हवी होती.

त्यात आणखी एक दुखणं आपल्या समाजाचं. लिव्हर म्हटलं की दारू. आमच्या दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कधी थेंब आला नाही, तरी भावकीतली माणसं आडून विचारायची. पुढे डॉक्टरांनी खाजेसाठी रिफॅम्पिसिन चालू केलं. ते टीबीचं औषध म्हणून सगळ्यांना ठाऊक. लघवी केशरी-लाल होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं. मेडिकलवाल्याने भाच्याला विचारलं, आईला टीबी झाला का? झालं, गावभर झालं. त्याआधी खाज म्हणजे संसर्ग या समजुतीने तिचं ताट-तांब्या वेगळा ठेवला होता, नातवंडांना तिच्या अंथरुणात येऊ देत नव्हते. रात्र रात्र जागणाऱ्या बाईच्या अंगाला कितीतरी दिवस कुणाचा हात लागला नव्हता. ही खाज शिवण्याने पसरत नाही. हे वाक्य आपण मोठ्या टायपात छापलंत तरी माझ्या पत्राचं चीज होईल.

औषधं आहेत, आणि ती पायरीपायरीने द्यायची असतात. पीबीसीत रोजची अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी आजाराची चाल मंदावते, पण खाजेसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. खाजेसाठी कोलेस्टायरामिनची पूड असते. ती आतड्यातच पित्ताम्लांना धरून ठेवते. किरकिरीत लागते, पोट बांधते, आणि दुसरी औषधं तिच्या एक तास आधी किंवा चार तासांनी घ्यावी लागतात, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते. तालुक्याच्या मेडिकलात ती सहज मिळत नाही, लातूर-संभाजीनगरहून मागवावी लागते. नंतर रिफॅम्पिसिन, पण त्यावर अधूनमधून लिव्हरच्या तपासण्या करणं भाग आहे, कारण ते औषधच कधी लिव्हरला दुखवतं. पुढे नाल्ट्रेक्सोन, सर्ट्रालिन. रक्तातल्या चरबीवरचं जुनं औषध बेझाफायब्रेट याच्यावरची एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांत ४५ टक्के पेशंटांची मध्यम ते तीव्र खाज निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली; औषध नसलेल्या गोळीवर तसं फक्त ११ टक्क्यांचं झालं. म्हणजे 'लिव्हरच्या खाजेवर इलाज नाही, सहन करा' हे वाक्य आता कुणी पेशंटला ऐकवू नये. चालू गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस यातलं एक तरी नाव ओळखतो का, हा माझा सवाल आहे.

आता मालीश. औषधं चालू असूनही आक्काची संध्याकाळ अवघड जायची, तेव्हा मी हे सुरू केलं, तेही तिच्या डॉक्टरांना विचारून. घाण्यावरचं करडईचं तेल घेतलं, आमच्याकडे घरोघर असतं ते. खोबरेल किंवा बदामाचं चालतं. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने ३० मिली तेल, त्यात लॅव्हेंडरच्या तेलाचे सहा थेंब. साधारण एक टक्का पडतं. म्हाताऱ्या, ओरबाडलेल्या कातडीला याहून जास्त नको. (हे फूल परदेशीच राहिलेलं नाही, जम्मूतल्या भदरवाहला आता त्याची शेती होते.) आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक बोट लावून दिवस-रात्र थांबले, लाली आली नाही, चुरचुरलं नाही, मग पुढे गेले.

वेळ दिवेलागणीच्या थोडी आधीची, खाज चढायच्या आत. बांगड्या-अंगठ्या काढायच्या, नखं कापलेली हवीत, माझीही आणि तिचीही. तेल आधी आपल्या तळहातांवर चोळून कोमट करायचं. बोटांची टोकं वापरायची नाहीत, सगळा तळवा टेकवायचा. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, मनगटापासून खांद्यापर्यंत, एकाच दिशेने, सावकाश. तळपायांवर थोडं जास्त थांबायचं. पाठीवर मोठे गोल. पोटाला हात लावायचा नाही, जिथे कातडी फुटलीय, पाणी सुटलंय, तिथे तेल लावायचं नाही. पंधरा मिनिटं पुरतात. मग जुन्या लुगड्याचं ओलं फडकं पिळून अंगावरून फिरवायचं आणि सुती पातळ नेसवायचं. उन्हाळ्यात लाइट गेली की ते ओलं फडकंच कूलरचं काम करतं.

फरक किती, हे मला तिच्याच तोंडून हवं होतं. दवाखान्यात शून्य ते दहा आकडा विचारतात, तो तिला जमेना. मग आम्ही आणे धरले. ती सांगते, "आज सोळा आणे हाय," नाहीतर "बारा आणे". मालीशनंतर सोळाची दहा-बारा आण्यांवर येते. पूर्ण जात नाही. पण तेवढ्या उताराने तिचा डोळा लागतो, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती झोपते. महिनोन् महिने जागलेल्या बाईला ही झोप किती मोलाची आहे हे तिच्या सुनेला विचारा. पहिल्यांदा सून दाराशी उभी राहून बघायची. आता मी अंबाजोगाईला असते तेव्हा तीच करते, आणि करता करता दोघी बोलतात. "आत्याबाई, दाबू का जरा?" "नगं, असाच हात फिरीव." नातू तळपाय धरून बसतो.

याला शास्त्राचा आधार कितपत, हेही सांगायला हवं, कारण पत्रकवाले 'संशोधनाने सिद्ध' असं छापतात. सुगंधी तेलाच्या मालीशवरचे खाजेचे अभ्यास जास्त करून डायलिसिसच्या पेशंटांवर झालेत. २००२ मध्ये कोरियात एक झाला, पुढे इराण-तुर्कस्तानात झाले. त्यांत खाज कमी झाल्याचं दिसलं. पण पेशंट थोडे, काळ थोड्या आठवड्यांचा, आणि वास लपवता येत नसल्यामुळे कुणाला खरं तेल लावलं हे पेशंटला कळतंच. वासाने किती, तेलाच्या ओलाव्याने किती आणि नुसत्या हाताने किती काम झालं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. किडनीची खाज आणि लिव्हरची खाज यांची कारणंही सगळी सारखी नाहीत. कोरडी कातडी ओलसर राहिली की खाज कमी होते, एवढं मात्र पक्कं आहे; सावकाश स्पर्शाची जाणीवही खाजेच्या जाणिवेला थोडी दाबते, असं मानतात. माझं मत विचाराल तर यात हाताचा वाटा सगळ्यात मोठा. लॅव्हेंडरची बाटली परवडत नसेल त्यांनी नुसत्या करडईच्या तेलाने करावं.

लिव्हरमधली घाण कातडीतून निघते, हे मात्र साफ खोटं आहे. लिव्हरने गाळलेलं पित्त आतड्यात उतरतं, बाकीचं किडनी बघते. त्वचेतून ते ओढून काढणारं तेल जगात नाही.

आणि धोके आहेत, ते सांगितल्याशिवाय मालीशची शिफारस करणं मला पटत नाही. लिव्हर कडक झालेल्या, म्हणजे सिरोसिसच्या पेशंटाच्या रक्तात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बहुधा कमी असतात, जरा रगडलं तरी काळंनिळं होतं. शिबिरात पैलवानी हाताने अंग रगडतात ते अशा माणसाला चालणार नाही. पोटात पाणी असेल, पायांवर सूज असेल, ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालीश नको. आपल्याकडे खाजेवर अमृतधारा लावायची सवय आहे. त्यात कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल असतं. तशीच्या तशी ओरबाडलेल्या अंगावर लावली की भाजल्यासारखं होतं. विंटरग्रीनचे बाम अंगभर चोळू नयेत, त्यातलं द्रव्य ॲस्पिरिनच्या जातीचं आहे आणि ते कातडीतून रक्तात उतरतं. कुठलंही सुगंधी तेल पोटात घ्यायचं नाही. निलगिरीचं किंवा कापराचं तेल लहान मुलाने थोडं जरी प्यायलं तरी झटके येऊ शकतात, तेव्हा बाटली माळवदाखालच्या उघड्या कोनाड्यात ठेवू नका. झोप यावी म्हणून दुकानातून आपल्या मनाने गुंगीची गोळी आणू नका. सिरोसिसमध्ये तिने माणूस भ्रमिष्ट होतो, दिवसा झोपतो, रात्री बरळतो. तसं दिसलं, काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली तर तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक मोठा दवाखाना गाठायचा. तसंच खाजेबरोबर लघवी गडद आणि शौच पांढुरकी झाली तर पित्ताची मोठी नळी खड्याने किंवा गाठीने अडलेली असू शकते. तिथे सोनोग्राफी आधी, मालीश नंतर.

एक गोष्ट इथे सांगून टाकते, विषय शेजारचाच आहे. सातव्या-आठव्या-नवव्या महिन्यात गरोदर बाईचे तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर 'पोट ताणलं की खाजतंच' म्हणून सोडून देऊ नका. गरोदरपणात पित्त तुंबण्याचा एक आजार असतो, त्यात पित्ताम्लं फार वाढली तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. रक्तातली पित्ताम्लं तपासता येतात. आशाताईंनी भेटीत हा एक प्रश्न विचारावा.

आता मागणं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड, संभाजीनगरची घाटी, मराठवाड्यातल्या या मोठ्या दवाखान्यांत लिव्हरचे पेशंट हिंगोली, परभणी, जालन्यापासून एसटीने येतात. बी आणि सी हिपॅटायटिसच्या तपासण्या-औषधं २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, ते चांगलंच झालं. पण केस पेपरवर वजन, बीपी, साखर लिहितात तशी एक ओळ खाजेचीही असावी: खाज आहे का, किती आणे, झोप लागते का. डॉक्टरांना वेळ नाही हे मी आयुष्यभर पाहिलंय. ही ओळ सिस्टर भरू शकते. कोलेस्टायरामिनची पूड जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मिळावी. आणि वॉर्डातून सुट्टी देताना पेशंटबरोबरच्या माणसाला, बहुधा ती सून नाहीतर लेक असते, तेल किती, थेंब किती, हात कसा टेकवायचा, कुठे लावायचं नाही, हे पंधरा मिनिटांत करून दाखवावं. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला मालीश करणारे हात आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना फक्त एवढंच शिकवायचंय की इथे दाबायचं नाही.

हे दाखवायला मी बीड, लातूर, धाराशिव जिल्ह्यांतल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात स्वखर्चाने यायला तयार आहे. माझा पत्ता व फोन आपल्या कार्यालयाकडे आहे. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हवा असेल त्यांना तो द्यावा. बुधवारी मी आक्काला घेऊन लातूरला तपासणीला असते, बाकी कोणताही दिवस चालेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
अंबाजोगाई, जि. बीड